शंभर व्होल्टला पंधरा मायक्रॉन

(पडद्यावर: स्वयंपाकघर. शेगडीपाशी लायटर धरलेला हात. खट्. ठिणगी.)

गॅसच्या लायटरमध्ये ना बॅटरी असते, ना वायर. बटण दाबलं की आतली इवलीशी हातोडी सिरॅमिकच्या तुकड्यावर आपटते आणि त्या दणक्यासरशी काही हजार व्होल्ट तयार होतात. ठिणगी पडते, चहाचं आधण चढतं.

दाब दिला की वीज निर्माण होते, हा स्फटिकांचा गुण पिएर आणि जॅक क्युरी या भावांनी १८८० साली पॅरिसमध्ये दाखवला. पुढच्याच वर्षी गाब्रिएल लिपमन यांनी गणित मांडून सांगितलं की याच्या उलटही व्हायला हवं : वीज दिली तर स्फटिकाचा आकार बदलायला हवा. क्युरी बंधूंनी तेही प्रयोगाने सिद्ध केलं. आज आपण जिथे चाललो आहोत, तिथलं सगळं काम या उलट्या बाजूचं आहे.

(विद्यापीठाचं आवार. रात्र. तळमजल्यावरच्या एकाच खोलीत दिवा.)

यंत्र अभियांत्रिकी विभाग, रात्रीचे साडेदहा. ही वेळ मुद्दाम निवडलेली आहे. दिवसा बाहेरच्या रस्त्यावरून ट्रक गेला तरी इथल्या आलेखावर कंप उमटतो. प्रयोगशाळा तळमजल्यावर आहे, तीही त्याचसाठी.

(जवळून: ॲल्युमिनियमचा ठोकळा.)

तळहातावर मावेल एवढा हा ठोकळा, वस्तू अगदी किंचित पण अचूक सरकवण्यासाठी केलेला. वायरकटवर, म्हणजे तारेच्या ठिणग्यांनी धातू कापणाऱ्या यंत्रावर, त्यात नागमोडी फटी पाडल्या आहेत, त्यामुळे मधला चौकोन चार पातळ पट्ट्यांवर तोललेला आहे. पट्टीची जाडी अर्ध्या मिलिमीटरहून कमी. यात बेअरिंग नाही, स्लाइड नाही, ग्रीसचा थेंब नाही. जिथे घर्षण असतं तिथे वस्तू आधी अडून राहते आणि मग एकदम सुटून उडी मारते. इथे ती उडी परवडणारी नाही. म्हणून सांध्याच्या जागी धातूच वाकतो. मुंबईत पवईच्या आयआयटीमध्ये अशाच वाकणाऱ्या सांध्यांच्या आधाराने सूक्ष्म त्रिमितीय छपाईची यंत्रं बनवली गेली.

आणि ठोकळ्याच्या पोटात ही कांडी. पाच बाय पाच मिलिमीटर, उंची अठरा. पदार्थ लेड झिरकोनेट टायटनेट. इथे सगळे पीझेडटीच म्हणतात. भिंगातून पाहिलं तर बाजूने बारीक रेघा दिसतात. त्या थरांच्या आहेत, एकेक थर वहीच्या कागदाहून पातळ. शंभर व्होल्ट दिले की ही कांडी सुमारे पंधरा मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) वाढते, म्हणजे केसाच्या जाडीच्या चौथा-पाचवा हिस्सा. पण ही वाढ पूर्ण रोखून धरायची तर एका धडधाकट माणसाच्या वजनाइतका जोर लागतो. दाबाला इतकी चिवट असलेली ही कांडी ओढली मात्र तडकते, म्हणून तिला कायम स्प्रिंगच्या दाबाखाली ठेवतात.

शेजारच्या टेबलावर नायटिनॉलची तार आहे. निकेल आणि टायटॅनियमचा हा मिश्रधातू गरम केला की आपला मूळ आकार धरतो. हालचाल तिची पीझेडटीच्या कितीतरी पट मोठी, पण तार थंड होईपर्यंत थांबावं लागतं. तिचा दिवस वेगळा.

(संगणकाचा पडदा. आलेखावर पानासारखा बंद आकार.)

आता खरी अडचण. व्होल्टेज शून्यापासून वाढवत नेलं तर पन्नासला कांडी साडेसहा मायक्रॉनवर असते. शंभरला जाऊन परत उतरताना त्याच पन्नासला ती सव्वाआठवर असते. व्होल्टेज तेच, जागा वेगळी. कारण पदार्थाच्या आत आहे. तिथे विद्युतध्रुवांचे समूह असतात. व्होल्टेजने ते वळतात, आणि व्होल्टेज काढून घेतलं की सगळेच लगेच मागे फिरत नाहीत. यालाच हिस्टेरेसिस म्हणतात.

घरच्या पाण्याच्या टाकीवरून हे चटकन कळेल. टाकी तळाला आली की ऑटो स्विच पंप सुरू करतो, काठोकाठ भरली की बंद करतो. मग टाकी अर्धी असताना पंप चालू असेल की बंद? नुसती पातळी बघून सांगता येणार नाही. टाकी भरत आली होती की रिकामी होत होती, हे विचारावं लागेल. १९३५ साली प्रायझाख यांनी चुंबकांसाठी नेमकी हीच कल्पना मांडली : पदार्थ म्हणजे असे असंख्य स्विच, प्रत्येकाची चालू होण्याची पातळी वेगळी आणि बंद होण्याची वेगळी. ही कल्पना मला फार सुंदर वाटते. कांडी आज कुठे उभी आहे हे समजायला ती कुठून आली ते लक्षात ठेवायचं.

इथल्या संगणकात हेच गणित उलटं करून बसवलं आहे. हव्या त्या जागी जायला आत्ता किती व्होल्ट लागतील, ते तो आधीच काढतो. उरलेली चूक कपॅसिटिव्ह सेन्सर, म्हणजे न टेकता अंतर मोजणारा संवेदक, पकडतो आणि तीही सुधारली जाते. ही दुरुस्ती नसेल तर व्होल्टेज स्थिर ठेवूनही कांडी मिनिटामिनिटाला किंचित सरकत राहते.

(विद्यार्थिनी ठोकळ्याजवळ हात नेते. आकडा हलतो.)

पाहिलंत? हात लागलेला नाही, नुसती ऊब लागली. दहा सेंटिमीटर ॲल्युमिनियम एका अंशाला तेवीसशे नॅनोमीटर, म्हणजे २.३ मायक्रॉन, वाढतं. अंशाचा शंभरावा भागही इथे तेवीस नॅनोमीटर मोजून घेतो.

हा सगळा खटाटोप कशासाठी? १९८१ साली झुरिकच्या आयबीएम प्रयोगशाळेत गेर्ड बिनिग आणि हाइनरिश रोरर यांनी पीझोवर, म्हणजे अशाच विजेने आकार बदलणाऱ्या पदार्थावर, बसवलेली सुई पृष्ठभागावरून फिरवणारा सूक्ष्मदर्शक बनवला; पुढे त्याने एकेका अणूचा उंचवटा टिपला. १९८६ला त्यांना नोबेल मिळालं. तशी सुई ओळीमागून ओळ फिरवत चित्र काढते. पण प्रत्येक ओळीच्या टोकाला दिशा फिरवताना ठोकळ्याला हिसका बसतो आणि छेडलेल्या तारेसारखा तो झंकारत राहतो. या ठोकळ्याची स्वतःची कंप्रता आठशे हर्ट्झच्या आसपास आहे, म्हणजे तो सेकंदाला सुमारे आठशे वेळा झंकारतो. सुरक्षित वेग तिच्या शंभराव्या हिश्श्याएवढा, म्हणजे सेकंदाला आठ ओळी. २५६ ओळींच्या चित्राला अर्धा मिनिट लागतं. जिवंत पेशीवर चाललेली घडामोड तोवर निसटून जाते. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात आणि ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल विद्यापीठात वर्षानुवर्षं काम झालं ते याच झंकाराला आवरण्यावर.

(पडद्यावर नमुन्याचे चौकोन उमटतात. कडा सरळ.)

"वेग किती ठेवलास?"

"आठ, सर. आता चाळीस लावते."

चाळीसला चौकोनांच्या कडा लाटांसारख्या होतात. ती दमन, म्हणजे झंकार शमवणारी दुरुस्ती, सुरू करते, तिचा गुणक (जोर) एक पायरी वाढवते आणि श्वास रोखून बघते. डावीकडची कड सरळ होते. मधलीही. वहीत वेळ, तापमान, गुणक लिहून होतो. उजव्या कडेची लाट अजून आहे.