वेताळाला भंडारा

नमस्कार श्रोतेहो. या महिन्यात मी दोनच कॉमिक्स वाचली, पण दोन्ही दोन-दोनदा. एकदा चित्रांसाठी, एकदा अक्षरांसाठी. आणि याच क्रमाने बरं का. आधी चित्र, मग अक्षर. ही सवय मला आजीने लावली.

१९७४-७५ची गोष्ट. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी कोपऱ्यावरच्या दुकानातून इंद्रजाल कॉमिक्स भाड्याने यायची, गुजरातीतली. मी आणि दादा लिलो चेवडो खात खात वाचायचो. (हल्ली या चेवड्यात साखरच फार घालतात. बटाट्याची चव लागायला नको?) आजी गुजराती झकास बोलायची, पण लिपी येत नव्हती. एका शनिवारी दुपारी वेताळाचा, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमचा, अंक तिच्या हाती लागला. चष्मा लावून तिने सगळी पानं निरखली आणि आम्हाला हाक मारली.

"अरे, हे मल्हारीचं पुस्तक, आणि तुम्ही खरकट्या हातांनी धरता?"

पांढरा घोडा होता, बरोबर कुत्रा होता. तो खरं तर लांडगा, पण आजीपुढे बोलणार कोण? दादाने धीर करून सांगितलं, "आजी, हा वेताळ आहे."

"वेताळ कधी घोड्यावर बसतो होय? चड्डी तेवढी वरून घातलीय. असू दे, देवाच्या पेहरावाला नावं ठेवू नयेत. आणि ही कोण, म्हाळसा की बाणाई?"

"डायना."

"तेच म्हणते मी. बाणाई."

दुसऱ्या दिवशी रविवार. खंडोबाचा वार. सकाळी उठून बघतो तर अंक देव्हाऱ्यात, वर झेंडूचं फूल आणि घोड्यावर चिमूटभर भंडारा! फुंकलं, झटकलं, पण हळद ती हळद. दुकानदाराने पुस्तकाची पुरी किंमत मागितली. आजीने पदराची गाठ सोडली, पैसे मोजून दिले आणि म्हणाली, "बरं झालं. देव काय भाड्याने आणायचा असतो?"

असो. वेळ थोडा उरलाय. पहिलं पुस्तक, टिनटिनची तिबेटवारी, १९६०चं. त्यात खलनायकच नाही. हरवलेला मित्र आणि बर्फ, बस्स. मला फार आवडलं.

दुसरं 'भीमायन', २०११चं. बाबासाहेबांच्या आयुष्यातले प्रसंग दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी काढलेत. पानावर चौकटी नाहीत. गोड बोलणाऱ्याचा संवादाचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, विषारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. म्हणजे पुन्हा तेच, आधी चित्र, मग अक्षर. अक्षर वाचायच्या आधीच नांगी दिसते.

त्यात आपलं बडोदं आहे. १९१७ साल. सयाजीराव महाराजांच्या नोकरीसाठी आलेल्या बाबासाहेबांना जातीमुळे गावात जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत उतरले, तर अकराव्या दिवशी काठ्या घेऊन लोक आले. मुंबईची गाडी रात्री नऊची. तोवरचे पाच तास ते कमाटी बागेत बसून होते.

त्याच बागेत आजी आम्हाला रविवारी भेळ खायला न्यायची. हा प्रसंग घरात कुणी कधी सांगितला नव्हता.

पुस्तक भाड्याचं नाही, माझं आहे. तरी उघडताना हात धुऊन घेते.