ओळखलं काय मला, असं विचारू नका

श्रोतेहो, नमस्कार.

मी एकतीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं. शिक्षकाला एक खोड लागते, उत्तर आपल्याला माहीत असलेले प्रश्न विचारायची. फळ्यावर त्रिकोण काढायचा आणि पोरांना विचारायचं, हे काय आहे? वर्गात ते खपून जातं. माझ्या सासूबाईंना, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, विसर पडायला लागला तेव्हा मी घरीही तेच सुरू केलं. आज वार कोणता? सकाळी काय खाल्लंत? मी कोण, सांगा बघू? मला वाटायचं, तेवढाच सराव राहील. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहायच्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळायच्या. एक दिवस म्हणाल्या, "बाई, नापास करा मला, पण घरी जाऊ दे."

मला 'बाई' म्हणाल्या. सुनेला कोण 'करा' म्हणतं? मी त्यांना शाळेतली बाई दिसत होते, आणि दिसणारच, मी वागतच तशी होते.

आपल्याकडे हा छळ अगदी प्रेमानं चालतो. आमचं घर बेळगावच्या शहापुरात, गल्लीतलं. गणपतीला, पत्रिका द्यायला, नुसतंच भेटायला येणारं कुणीही असो, चप्पल काढायच्या आत विचारणार, "काकू, ओळखलं काय मला?" काकू ओशाळून हसल्या, की त्यांच्यादेखतच बाकीच्यांना सांगणार, "अगं, विसरल्या की!" शेवटी मी दारातच उभी राहून शिकवणी सुरू केली. आत जाताना आपलं नाव, गाव, नातं आपणच सांगायचं. "काकू, मी अनगोळची सुमन, तुमच्या नणंदेची धाकटी." एवढं केलं की काकू म्हणायच्या, "ये की, बस. चहा टाका गं कुणीतरी." सुमन कोण ते त्यांना उमगलं होतं का? कुणास ठाऊक. पण चहाचं त्यांनी सांगितलं, आणि पाहुणचार करणारी बाई म्हणून त्या ताठ बसल्या.

थोडं शास्त्र सांगते, कारण ते कळल्यावर माझी चिडचिड पुष्कळ कमी झाली. कानशिलाच्या आत, मेंदूत खोलवर, हिप्पोकॅम्पस नावाचा एक लहान भाग असतो. आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून ते नाव. आज जे घडलं ते पक्कं करून ठेवण्याचं काम बरंचसं त्याच्याकडे. स्मृतिभ्रंशाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमर, आणि त्याचा मार बहुतेक वेळा इथे आणि याच्या आसपास आधी बसतो. म्हणजे आत्याबाई सकाळचे पोहे विसरल्या नव्हत्याच. ते पोहे आठवणीत शिरलेच नव्हते. जे कोठीत ठेवलंच नाही ते मी रोज सकाळी मागत होते! जुनं मात्र, विशेषतः दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंतचं, कितीतरी काळ टिकून असतं. आणि हातांची सवय मेंदूच्या निराळ्याच भागांत मुरलेली असते, ती त्याहून चिवट.

हा आजार आहे, नुसतं म्हातारपण नाही. अल्झायमर या जर्मन डॉक्टरनं १९०६ साली जो रुग्ण जगापुढे मांडला, ती पन्नाशीतली बाई होती. आपल्या देशात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे साठीच्या पुढच्या शंभरातल्या सातांहून जास्त माणसांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश आहे. तेव्हा "साठी बुद्धी नाठी" म्हणून हसून सोडून देऊ नका. आधी डॉक्टरला दाखवा. थायरॉइड, बी-१२ची कमतरता, मनाची उदासी, यांनीही माणूस असंच विसरायला लागतं आणि त्यावर औषध आहे. एवढं बोलून मी दवाखान्याचा विषय संपवते. मला सांगायचंय ते दुपारी चार वाजताचं. औषध देऊन झालेलं असतं, माणूस समोर बसलेलं असतं, आणि आता याच्याशी बोलायचं काय, हे घरातल्या कुणालाच सुचत नसतं.

आमच्या घरातली गोष्ट सांगते. आत्याबाईंचं माहेर बैलहोंगलचं, घर कानडी. लग्न झालं १९५५ साली, तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होतं. दुसऱ्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ ला, ते म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं आणि आमचे मामंजी दरवर्षी त्या तारखेला, त्याचा निषेध म्हणून निघणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीत जायला लागले. अशा घरात आत्याबाईंनी साठ वर्षं मराठीत संसार केला. त्यांचं मराठी इतकं स्वच्छ, की आजीची भाषा मुळात दुसरी आहे हे आमच्या मुलांच्या कधी ध्यानातही आलं नाही. आजाराच्या तिसऱ्या वर्षी एका संध्याकाळी त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अव्वा एल्ली?" आई कुठाय? माझ्या नवऱ्याला आधी वाटलं, बरळतेय. मग तो तिथेच पायरीवर बसला.

दोन भाषांत जगलेल्या पुष्कळ माणसांचं असं होतं. मागून शिकलेली भाषा आधी निसटते, पाळण्यातली मागे उरते. आता मी मराठीची शिक्षिका, माझं कानडी बसस्टँडपुरतं. दूध घालायला येणाऱ्या बाईकडून मी दोन-चार वाक्यं घटवली. "ऊटा आत?", जेवण झालं काय? "कुंदर्री", बसा. "छलो ऐति", छान आहे. पहिल्या दिवशी मी म्हटलं तर आत्याबाई खळखळून हसल्या. माझा उच्चार चुकला होता. त्यांनी तो सुधारला. मी पुन्हा चुकले, त्यांनी पुन्हा सुधारला. त्या महिनाभर मला शिकवत होत्या आणि मी वर्गातलं सगळ्यात ढ पोर होते. त्या घरात इतक्या दिवसांनी कुणाला तरी त्यांच्याकडून काही हवं होतं.

बेळगाव कर्नाटकाचं की महाराष्ट्राचं, हा सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. तो तिथे चालू दे. आमच्या माजघरात मामंजींच्या फोटोखाली कानडी सुरू झालं, आणि मला नाही वाटत ते रागावले असते. रागावले असते तर आत्याबाईंनी त्यांना बघून घेतलं असतं.

हे उलटंही होतं, म्हणून सांगते. खानापूरची मराठी आजी हुबळीला नाहीतर बेंगळुरूला लेकाकडे असते. सून कानडी, नातवंडं इंग्रजी माध्यमाची. दिवसभरात तिच्या कानावर तिची बोली पडत नाही. तुम्ही गावाकडं असाल तर आठवड्यातून दोनदा फोन करा आणि तिच्याच बोलीत बोला. काय बोलायचं? पाऊस किती झाला, भाताची रोपं लावली काय, रताळी काढली काय. तिला विचारू नका, तुम्हीच सांगा. सांगताना मध्ये थांबा, चांगलं दहा आकडे मोजून थांबा. आपण थांबत नाही हीच अडचण असते. शब्द उशिरा येतो, आणि तो यायच्या आत आपण दुसरा प्रश्न टाकलेला असतो.

फोटोंचंही तसंच. "हा कोण?" असं बोट ठेवू नका. फोटो पुढ्यात ठेवा आणि आपलंच म्हणत राहा, "काय काठ आहेत या लुगड्याला! ही पायरी कपिलेश्वराची दिसते." आत्याबाईंनी एकदा त्यावर सांगितलं, की ते लुगडं जावेचं होतं, फोटोपुरतं मागून घेतलं होतं, आणि परत देताना त्यावर हळदीचा डाग पडला म्हणून जाऊ महिनाभर बोलली नाही. पन्नास वर्षांत ही गोष्ट आम्ही कुणी ऐकली नव्हती.

आणि हात. बोलणं आटत गेलं तरी हात बोलत राहतात. आत्याबाईंच्या पुढ्यात मी सूप आणि तांदूळ ठेवायची. आपला बेळगाव बासमती, वासानंच त्यांची मान वर व्हायची. निवडलेले तांदूळ मी बघितल्यासारखं करून डब्यात घालायची, मागाहून पुन्हा निवडायची. कापसाच्या वाती वळणं, मटार सोलणं, मेथी निवडणं, धुतलेल्या पंचांच्या घड्या. सकाळी त्या अंगणात ठिपक्यांची रांगोळी घालायच्या आणि ठिपके मोजायच्या कानडीतच, ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. ओळी वाकड्या जायच्या. जाऊ देत.

एक मात्र करू नका. मी एकीकडे पाहिलं, मूगडाळ आणि हरभराडाळ मुद्दाम एकत्र कालवून आजींपुढे ठेवली होती, रमतात म्हणून. आजींनी ते कालवताना बघितलं होतं. माणूस विसरतं, पण आपली थट्टा चाललीय हे त्याला कळतं. काम द्यायचं तर घराला उपयोगी पडणारं द्या, आणि झाल्यावर म्हणा, बरं झालं, मला वेळच नव्हता. आजार पुढे गेलेला असेल तर मणी, बटणं, कच्ची डाळ असलं बारीक हाताशी ठेवू नका, ते तोंडात जातं.

पुरुषांना काय द्यायचं, हे मला नेहमी विचारतात. त्यांनी जन्मभर जे केलं ते. आमच्या शेजारी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले सुभेदार काका होते. घरच्यांची नावं गेली, पण बूट आणि ब्रश हातात दिला की अर्धा तास शांत. पॉलिश नसलं तरी चालायचं. येळ्ळूरकडच्या एखाद्या शेतकरी आजोबांच्या तळहातावर मूठभर भात ठेवून बघा. दाणा दाताखाली फोडून सांगतील, अजून एक ऊन पाहिजे. वडगाव-खासबागेत मागावर आयुष्य गेलेल्या माणसाला गुंतलेलं सूत सोडवायला द्या. निपाणीकडं विडीकाम केलेल्या बायका मांडीवर पदर घेऊन रिकाम्या बोटांनी विडी वळत बसतात. घरातली पोरं घाबरतात, हे काय चाळे म्हणून. चाळे कसले, कामावर गेलीय ती. मांडीवर सूप द्या, ओली पानं द्या, दोरा द्या. तंबाखू तेवढी नको.

आणखी एक खेळ सांगते, त्याला पैसा लागत नाही. म्हण अर्धी म्हणायची आणि सोडून द्यायची. "नाचता येईना..." म्हणा, आणि गप्प राहा. "अंगण वाकडं" तिकडून येतं की नाही बघा. ज्यांना दिवसभर एक वाक्य जुळवता येत नाही ते हे पटकन म्हणतात, कारण ही ओळ अख्खीच्या अख्खी साठवलेली असते. जुन्या शाळेतल्या माणसांपुढे पावकी सुरू करा. "चार पाव एक, पाच पाव..." "सव्वा!" असं उत्तर येईल, आणि कदाचित तुम्हालाच पुढचं येणार नाही. उखाणे, आरत्या, जात्यावरच्या ओव्या, सगळ्यांचं तसंच. ज्यांनी आयुष्यात कधी गाणं म्हटलं नाही त्यांना मात्र गायला लावू नका. आत्याबाईंना भजन आवडायचं नाही. विसर पडल्यावरही आवडलं नाही. शेजारणी टाळ घेऊन आल्या की त्या उठून न्हाणीघरात जायच्या.

टीव्ही बंद करून, समोर, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला बसा. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र जागेवर आहे ना बघा. पुष्कळ वेळा आपण ज्याला विसर म्हणतो ते न ऐकलेलं असतं. विचारायचंच झालं तर दोनातलं एक विचारा, चहा की दूध. वीस मिनिटं पुरे. कपाळाला आठी आली की थांबायचं.

अवघड वेळ दिवेलागणीची. "मला घरी जायचंय." हे घराघरांत ऐकू येतं, स्वतः बांधलेल्या घरात बसलेली माणसंही म्हणतात. मी आधी समजूत घालायची, हेच तुमचं घर, हे बघा देवघर. त्यानं त्या जास्तच घाबरायच्या, परक्या ठिकाणी कुणीतरी अडवून धरल्यासारख्या. मग मी चप्पल घालायला लागले. "चला, जाऊ या. घरी कोण कोण वाट बघत असेल?" मग अव्वा, भाऊ, म्हैस, सगळे निघायचे. बैलहोंगलची काळी जमीन, कापूस, कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या समाधीकडं जाणारी वाट. गल्लीला एक वळसा घालून दार आलं की त्या स्वतःच म्हणायच्या, आलं बघ घर. वडील कुठे गेले विचारलं तर "ते वारून चाळीस वर्षं झाली" असं मी एकदाच सांगितलं. त्या नव्यानं रडल्या, जणू आत्ता कळलं. पुन्हा कधी सांगितलं नाही. याला खोटं बोलणं म्हणायचं तर म्हणा. मी वर्गात खरं बोला म्हणून शिकवलं, पण तो वर्ग होता.

तुम्हीच थकून गेला असाल, कुणाशी बोलावंसं वाटत असेल, तर ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, १४५६७. मनाच्या त्रासासाठी टेली-मानस, १४४१६. दोन्ही फुकट. संकोच करू नका. मी केला होता.

शेवटच्या वर्षी आत्याबाईंचं मराठी गेलं, कानडीही गेलं. मी त्यांच्या हातावर कणकेचा छोटा गोळा ठेवायची. त्या तो फिरवायच्या, चपटा करायच्या, कडेनं अंगठा दाबत गोल करायच्या. झाला की माझ्या तळहातावर ठेवायच्या आणि माझी बोटं मिटायच्या.

माझी वेळ संपत आली. यानंतर जुनी गाणी लागणार आहेत. रेडिओ बंद करू नका. आजोबांची खुर्ची जवळ ओढा, आवाज थोडा वाढवा आणि कोणतं गाणं आहे ते विचारू नका. नमस्कार.