आराधना कशाची, आणि ती वेदीवर आली कुठून

पिठाच्या त्या पांढऱ्या चकतीपुढे तुम्ही गुडघे का टेकता? नागपुरातल्या कॅथलिक माणसाला हा प्रश्न शेजारी विचारतात, ऑफिसातले विचारतात, कधी घरातली मुलंही विचारतात. 'आमची श्रद्धा आहे' एवढं म्हणून मला आज तो टाळायचा नाही.

मिस्सामध्ये, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेत, धर्मगुरू त्या चकतीवर, म्हणजे भाकरीवर, येशूचे शेवटच्या भोजनाचे शब्द उच्चारतात: 'हे माझे शरीर आहे.' त्यानंतर वेदीवर ख्रिस्त असतो, असं आम्ही मानतो. रंग, चव, वजन सगळं भाकरीचंच राहतं. ती मुळात जे होती ते मात्र राहत नाही. म्हणूनच ट्रेंटच्या परिषदेने, म्हणजे बिशपांच्या सभेने, 1551 साली स्पष्ट सांगितलं की फक्त देवाला द्यायची आराधनाच इथे द्यायची. मरियामातेला आणि संतांना आम्ही मान देतो. सेमिनरी हिल्सच्या लूर्द मातेपुढे मेणबत्ती लावतो, तिची मध्यस्थी मागतो. आराधना तिची करत नाही.

आपल्याकडे टेकडीच्या गणपतीचं दर्शन घेतात आणि मग प्रसाद हातावर पडतो. दर्शन वेगळं, प्रसाद वेगळा. आमच्याकडे ज्याच्यापुढे गुडघे टेकायचे तोच आमचं अन्न होतो. हे ऐकायला विचित्र वाटतं, मान्य आहे. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशूने हे सांगितलं तेव्हा त्याचे कित्येक शिष्यही 'हे वचन कठीण आहे' म्हणत त्याला सोडून गेले.

आता मला जे मुख्य सांगायचंय ते. ही भाकर मिस्सानंतर जपून ठेवायला सुरुवात झाली ती आराधनेसाठी नव्हे, तर आजाऱ्यांसाठी. साधारण 155 साली संत जस्टिन लिहितात की जे उपासनेला येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, ती घेऊन जात. 325 साली निकेयाच्या परिषदेने नियमच घातला, की मरणाच्या दारी असलेल्या कुणालाही ही शेवटच्या प्रवासाची शिदोरी नाकारू नये. कोण कधी अंथरूण धरेल सांगता येत नाही, म्हणून भाकर नेहमी हाताशी हवी. आणि तिच्यात ख्रिस्त आहे, तर ती एखाद्या फडताळात कशीही कशी ठेवणार? मग कुलपाची पेटी आली, पेटीजवळ अखंड तेवणारा दिवा आला, तिथून जाताना गुडघा टेकणं आलं. अकराव्या शतकात बेरेंगार नावाच्या फ्रेंच पंडिताने ख्रिस्ताच्या खऱ्या उपस्थितीवरच शंका घेतली, मोठा वाद पेटला, त्यातून ही श्रद्धा अधिक ठाशीव झाली. पुढे ल्येज शहरातल्या जुलियाना नावाच्या साध्वीने एका खास सणाचा ध्यास घेतला आणि पोप चौथे अर्बन यांनी 1264 मध्ये ख्रिस्तशरीराचा सण साऱ्या ख्रिस्तसभेसाठी लावून दिला. आराधना वाढली ती अशी, आजाऱ्याच्या वाट्याच्या भाकरीभोवती.

कॅथेड्रलमध्ये आराधना सुरू असेल तेव्हा नीट पाहा. किरणांच्या आकाराचं सोनेरी पात्र वेदीवर असतं, त्याला मॉन्स्ट्रन्स म्हणतात. मधोमध काचेआड ती चकती. फक्त गव्हाचं पीठ आणि पाणी, खमीर नाही. शेवटी आशीर्वाद देताना फादर खांद्यावरून एक रुंद शाल घेतात आणि तिच्या टोकांनी हात झाकून मगच ते पात्र उचलतात. उघडा हात लावत नाहीत, कारण तो आशीर्वाद त्यांचा नसतो. त्या क्षणी तेही बोलत नाहीत.

याचे नियमही बोलके आहेत. 1973 च्या विधीग्रंथानुसार, त्याच सभामंडपात मिस्सा व्हायची असेल तर आराधना थांबवावी लागते. नुसता आशीर्वाद द्यायचा म्हणून मॉन्स्ट्रन्स बाहेर काढता येत नाही. वाचन, प्रार्थना, गीत आणि शांततेला वेळ द्यावाच लागतो. मिस्सा पहिली, आराधना तिच्यातून निघालेली. मिस्सा चुकवून फक्त आराधनेला येणारे भेटतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

आणि आजाऱ्याला विसरून केलेल्या आराधनेचं तर काय बोलावं! करिंथ शहरातल्या सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीत श्रीमंत आधी खाऊन घेत आणि गरीब उपाशी राहत. संत पौलाने त्यांना खडसावलं: तुम्ही जे खाता ते प्रभुभोजन नव्हेच. संत जॉन क्रिसोस्तोमही लोकांना हेच बजावत, की मंदिरात ख्रिस्ताच्या शरीराला रेशमाने मढवायचं आणि बाहेर तोच गरिबाच्या रूपात थंडीत उघडा कुडकुडत असताना तोंड फिरवायचं, हे चालणार नाही. मदर तेरेसांच्या भगिनी रोज तासभर आराधनेला बसतात आणि रोजच मरणासन्नांची सेवाही करतात. ती दोन वेगळी कामं आहेत असं मला वाटत नाही.

तेव्हा शेवटची विनंती. तुमच्या घरी किंवा शेजारी एखादे आजी-आजोबा जिना उतरू शकत नसल्याने मिस्साला येत नसतील, तर पॅरिशच्या, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चच्या, कार्यालयात त्यांचं नाव आणि पत्ता द्या. कम्युनियन, म्हणजे हीच पवित्र भाकर, त्यांच्या खाटेपर्यंत नेता येतं. आणि फादर येतील तेव्हा तुम्हीही थोडा वेळ तिथे बसा.