सूट कोणत्या जहाजावरचा?

(पडद्यावर: सांगली, विश्रामबाग. जेवणाच्या टेबलावर तीन छापील कागद आणि एक लांबट हिशोबवही.)

भूमध्य समुद्र. सात रात्री. दोन माणसं.

या तिन्ही कागदांवर सहल तीच आहे. पहिल्यावर एका अवाढव्य जहाजातली बाल्कनीची खोली. दुसऱ्यावर त्याच जहाजातला सगळ्यात वरच्या मजल्यांवरचा सूट, म्हणजे ऐसपैस, महागडी खोली, रक्कम पहिल्याच्या जवळपास तिप्पट. तिसऱ्या कागदावर एक लहान जहाज आहे. त्यातला सगळ्यात स्वस्त सूट दुसऱ्या कागदातल्या सुटापेक्षा थोडा महागच पडतो.

काका मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. हळद आणि बेदाणा, दोन्हींचे हिशोब त्यांच्या हातून गेलेत. काकू शाळेत शिकवायच्या. लग्नाला चाळीस वर्षं होतील तेव्हा बोटीवर जायचं, हे काकूंनीच ठरवलं. मुलानं पुण्याहून कोटेशनं मागवून पाठवली आणि खाली एक ओळ लिहिली, "बाबा, यातलं चांगलं कुठलं ते तुम्हीच बघा."

काका म्हणाले, "बघायचं काय? दर लिहिलाय. माल कुठं लिहिलाय?"

(पडद्यावर: आयर्विन पूल, खाली कृष्णा. मग महालक्ष्मी एक्स्प्रेस सांगली स्थानकात शिरताना.)

सांगलीत क्रूझचा विषय निघाला की आधी मुंबई-गोवा येतं. २०२१ च्या सप्टेंबरात कॉर्डेलिया या कंपनीची फेरी सुरू झाली आणि रात्री महालक्ष्मीत बसून सकाळी सीएसएमटीला उतरायचं, दुपारी बोटीवर चढायचं, हे इथल्या लोकांना जमण्यासारखं झालं. तिचं एम्प्रेस हे जहाज मूळचं १९९० चं. नॉर्डिक एम्प्रेस या नावानं ते रॉयल कॅरिबियन या कंपनीकडं उतरलं होतं. दोन-तीन रात्रींची हौस म्हणून ही फेरी छान आहे. पण तिथला अनुभव मनात धरून भूमध्य समुद्रातला सूट निवडता येत नाही. तिथं कंपन्या अनेक, आणि एकाच जहाजात खोल्यांच्या दर्जाच्या पायऱ्याही अनेक.

या पायऱ्या आल्या कुठून, ते आधी पाहू.

बॅलार्ड पिअरवरून विलायतेला बोटी जायच्या, त्या काळात जहाजावर वर्ग असत. वरच्या वर्गाचा डेक वेगळा, जेवणघर वेगळं. विमानांनी तो प्रवासी पळवला. मग जहाजं सहलीसाठी निघू लागली आणि वर्ग बहुतेक ठिकाणी पुसले गेले. खोली लहान-मोठी असेल, पण जेवणघर, डेक, पोहण्याचा तलाव सगळ्यांना एकच. क्यूनार्ड या कंपनीनं मात्र जुनी रीत सोडली नाही. २००४ पासून चालणाऱ्या तिच्या क्वीन मेरी २ या जहाजावर आजही खोलीवरून जेवणघर ठरतं. साध्या खोल्यांतले बहुतेक प्रवासी ब्रिटानियात जेवतात, वरच्या सुटांतले प्रिन्सेस ग्रिल किंवा क्वीन्स ग्रिलमध्ये. ग्रिलमध्ये तुमचं टेबल सबंध प्रवासभर तुमचंच. कधीही या.

पुढं जहाजं फुगत गेली. हजारो माणसांत ज्याला शांतता हवी आणि खर्चाची तयारी आहे, त्याच्यासाठी कंपन्यांनी जहाजातच वेगळं जहाज बांधलं. एमएससी या कंपनीनं २००८ मध्ये फँटाझिया या जहाजावर यॉट क्लब सुरू केला. नॉर्वेजियनचं द हेवन, सेलिब्रिटीचं द रिट्रीट हे त्याच जातीचं. कार्ड लावल्याशिवाय दार उघडत नाही. आत निराळं जेवणघर, निराळा डेक, बसायला निराळी जागा. काकांचा दुसरा कागद अशाच एका दाराआडचा आहे.

(पडद्यावर: काका वहीत रेघा मारताना.)

आता टनेज. काकांना पहिल्यांदा हा आकडा सांगितला तेव्हा त्यांनी तो वजनाचा धरला. यार्डात उभं आयुष्य गेलेला माणूस टन ऐकल्यावर दुसरं काय धरणार? पण जहाजाचं ग्रॉस टनेज म्हणजे वजन नव्हे. जहाजाच्या पोटात बंदिस्त जागा किती, त्या घनफळावरून ते काढतात. म्हणूनच ते इथं उपयोगी पडतं. टनेजला प्रवाशांनी भागलं की माणशी किती जागा, याचा अंदाज येतो.

आयकॉन ऑफ द सीज, २०२४ च्या जानेवारीत निघालेलं. टनेज २,४८,६६३. खोलीत दोघं धरले तर प्रवासी ५,६१०. भागाकार ४४. क्वीन मेरी २ चा भागाकार ५५ च्या आसपास. आणि रीजंट या कंपनीचं सेव्हन सीज एक्सप्लोरर, २०१६ चं, आकारानं आयकॉनच्या चौथाईहून लहान. पण प्रवासी साडेसातशेच्या आसपास, म्हणून भागाकार सत्तरच्या वर.

दुसरा भागाकार माणसांचा. आयकॉनवर कर्मचारी २,३५० च्या घरात, म्हणजे एका कर्मचाऱ्यामागं जवळपास अडीच प्रवासी. एक्सप्लोररवर कर्मचारी साडेपाचशेच्या आसपास, म्हणजे दीडपेक्षाही कमी. यात इंजिनातली, डेकवरची माणसंही मोजलेली असतात. तरी जेवायला बसल्यावर पाणी भरायला कोण किती वेळानं येतो, ते या आकड्यावरून बरंचसं कळतं.

इथं एक अडचण आहे, आणि ती कागदावर दिसत नाही. मोठ्या जहाजातल्या सुटाला सबंध जहाजाचा भागाकार लावून चालत नाही. दाराच्या आत माणसं थोडी आणि सेवक पुष्कळ. पण दाराबाहेर पडलात की तुम्ही पुन्हा पाच हजारांतले एक. नाट्यगृहाची गर्दी तीच. बंदरावरून परतताना तपासणीची रांगही पुष्कळदा तीच. म्हणून आम्ही काकूंना विचारलं, की दिवसातला किती वेळ तुम्ही दाराच्या आत असाल?

काकू म्हणाल्या, "खोलीत बसायला मी तिकडं कशाला जाऊ?"

ज्या घरात लहान मुलं आहेत, ज्यांना घसरगुंड्याही हव्यात आणि दुपारची झोपही, त्यांना दुसऱ्या कागदासारखी सोय खरंच लाभते. मुलं खाली, आईवडील वर, आणि सगळे एकाच जहाजावर. हा माझा ठाम ग्रह आहे. साठी ओलांडलेल्या, बंदरं पाहायला निघालेल्या जोडप्याला त्यातला निम्मा भाग वापरायलाच मिळत नाही.

(पडद्यावर: पलूसच्या बाजूचं एक शिवार. ऊस. बांधावर एक तरुण.)

हा काकांचा पुतण्या. हॉटेल मॅनेजमेंट करून मोठ्या जहाजावर लागला. खोल्या सांभाळतो. करारांच्या मधल्या सुट्टीत गावी आलाय.

"काका, सूट म्हनलं की सगळं एकच वाटतंय लोकास्नी. तसं न्हाई. आमच्याकडं बटलर कुनाला आणि कुनाला न्हाई, तेच आधी विचारायला पायजे."

तो बोलतोय ते अगदी खरं आहे. सिल्व्हरसी या कंपनीच्या जहाजांवर प्रत्येक सुटाला बटलर, म्हणजे खास दिमतीचा सेवक. रीजंट आणि ओशियानियात वरच्या पायऱ्यांनाच. हॉलंड अमेरिकाच्या नेपच्यून सुटात बटलर नाही, त्याऐवजी एक निवांत लाउंज आणि कामं करून देणारा माणूस असतो. सीबोर्नवर सगळेच सूट, पण बटलर नाही. खोली पाहणारी व्यक्तीच सगळं पाहते, आणि उत्तम पाहते असा तिचा लौकिक आहे. रॉयल कॅरिबियननं २०१६ मध्ये सुटांचे तीन वर्ग केले, सी, स्काय आणि स्टार. सतत दिमतीला राहणारा सेवक, त्याला ते जिनी म्हणतात, फक्त स्टारला. आणि ज्याला ज्युनिअर सूट म्हणतात, तो सी वर्गात मोडतो. खोली ऐसपैस, रात्रीचं जेवण वेगळ्या ठिकाणी घेता येतं, पण सुटांचा खास लाउंज नाही. नावातला सूट पाहून पैसे भरणारे लोक इथंच फसतात.

पुतण्या पुढं सांगतो, "महासाथीनंतर साध्या खोल्या आमी दिवसातनं एकदाच आवरतो. सुटाला दोनदा."

काही मोठ्या कंपन्यांनी हा बदल उघडपणे जाहीर केलेला आहे. संध्याकाळी पलंग नीट करून, टॉवेल बदलून जाणारा हात साध्या खोलीतून कमी झाला.

तो हात कुणाचा, हेही या हिशोबात आलं पाहिजे. समुद्रावरच्या कामगारांसाठी २००६ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारतानं तो २०१५ मध्ये मान्य केला. त्याप्रमाणे चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती आणि सात दिवसांत किमान सत्त्याहत्तर तास. म्हणजे उरलेला वेळ काम करून घेता येतं, महिनोन्‌महिने. आपल्या पलूस-तासगावची, कोकणातली, गोव्यातली पोरं ही सेवा देतात. ज्या जहाजावर माणसं जास्त आणि प्रवासी कमी, तिथं त्यांना तुमच्याशी दोन शब्द बोलायला सवड मिळते. सेवेचा दर्जा मला तरी या सवडीतच दिसतो. संगमरवरी न्हाणीघर त्यानंतर.

(पडद्यावर: वहीचं पान. डावीकडं तीन रकाने.)

काकांनी मग तिन्ही कोटेशनांची पट्टी काढली. शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीत वरचा दर एक असतो आणि हमाली, तोलाई वजा जाता हातात पडते ती रक्कम वेगळी. इथं उलटं. वरच्या दरात भर पडत जाते.

पहिली भर टिपची. मोठ्या कंपन्यांत ती रोज आपोआप लागते, माणशी अठरा-वीस डॉलरच्या आसपास, आणि सुटाला साध्या खोलीपेक्षा जास्त. दुसरी वाय-फायची. तिसरी पेयांची. काका घेत नाहीत, काकूंचा प्रश्नच नाही. पण ज्या घरात एकजणच घेतो, त्यांनी हे जरूर विचारावं. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत एका खोलीतल्या एका प्रौढानं मद्याचं पॅकेज घेतलं, तर दुसऱ्यालाही घ्यावं लागतं.

चौथी भर सगळ्यात मोठी. रोम पाहायचं म्हणून जहाज चिविटावेकियाला लागतं. तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. फ्लॉरेन्ससाठी लिव्होर्नो, तेही बऱ्यापैकी लांब. जहाज संध्याकाळी निघणार, त्याआधी परतलं पाहिजे, म्हणून लोक जहाजाचीच सहल घेतात आणि ती महाग असते. रीजंटच्या भाड्यात अशा सहली धरलेल्या असतात. व्हायकिंग ही कंपनी प्रत्येक बंदरात एक सहल, वाय-फाय आणि जेवणासोबतची वाइन भाड्यातच देते. त्यांच्या समुद्री जहाजांवर हजाराच्या आत प्रवासी, प्रत्येक खोलीला बाल्कनी, जुगार नाही आणि अठरा वर्षांखालचं कुणी नाही.

काकांच्या दुसऱ्या कागदात वाय-फाय होतं. टिप नव्हती, सहली नव्हत्या. तिसऱ्यात तिन्ही होतं. सहलींचे पैसे मिळवल्यावर दुसरा कागद तिसऱ्याच्या वर गेला. काकांनी दोनदा बेरीज केली. मग दुसरा कागद घडी घालून बाजूला ठेवला.

तिसऱ्या कागदातही एक खोट आहेच. तिथल्या भाड्यात उंची मद्य धरलेलं असतं. न पिणाऱ्या माणसाला त्यातला एक पैसा परत मिळत नाही. शाकाहारी, मद्य न घेणाऱ्या कुटुंबांनी हे मनात धरूनच सर्वसमावेशक भाड्याकडं पाहावं. पहिल्या कागदावर हा भुर्दंड नाही, आणि जहाजाच्या मध्यावर, खालच्या बाजूच्या मजल्यावर खोली मिळाली तर हेलकावेही सगळ्यात कमी लागतात. मोठे सूट पुष्कळदा अगदी वर किंवा टोकाला असतात. जहाज डोललं की तिथं ते जास्त जाणवतं. पित्ताचा त्रास असणाऱ्या माणसाला स्वस्त खोली महागड्या सुटापेक्षा सुखाची ठरू शकते.

काका पहिल्या कागदावर येऊन थांबले होते.

काकू म्हणाल्या, "अहो, चाळीस वर्षं मी वाढते आहे. शाळा सुटली की स्वयंपाक, पाहुणे, सणवार. सात दिवस कुणीतरी मला वाढू दे. आणि वाढणाऱ्याला माझं नाव माहीत असू दे."

हिशोबवहीत याला रकाना नव्हता. काकांनी नवा आखला नाही, पण पेन तिसऱ्या कागदाकडं नेलं.

(पडद्यावर: संगणकावर भरला जाणारा अर्ज.)

बुकिंग तिसऱ्याचं झालं. सूट त्या जहाजावरचा सगळ्यात लहान आहे, पण मधल्या भागातला, आणि तो मुद्दाम मागून घेतला. त्यासाठी वरच्या पायरीचे पैसे भरले नाहीत, कारण त्या जहाजावर जेवणघरं, सहली आणि माणसं सगळ्या सुटांना सारखीच आहेत. वरच्या पायरीला वाढते ती मुख्यतः खोली आणि बटलर.

शाकाहाराचं आधी लेखी कळवलंय. रोज रात्री दुसऱ्या दिवसाचा मेन्यू दाखवून पदार्थ ठरवून घेतात, असं उत्तर आलं. काकूंनी उलट विचारलं की रस्सा मांसाच्या पाण्यात करतात का. त्याचंही उत्तर आलं, सांगितलं तर वेगळा करतात. परदेशी सहल असल्यानं पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल होणारा प्राप्तिकर, कापला गेला. तो विवरणपत्र भरताना वळता होतो, म्हणून काकांनी पावती वहीला टाचून ठेवलीय. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसाच्या अर्जासाठी वेळ मिळायची आहे, आणि काकूंच्या पासपोर्टची मुदत परतल्यावर तीन महिन्यांपेक्षा जास्त उरते, हे मुलानं तपासून कळवलंय.