स्ट्रेचरवरही जाहिरात: वानफोरे कोफूची गोष्ट

(दृश्य: कोसे स्पोर्ट्स पार्क, मॅचच्या दिवशीची सकाळ. मैदानाच्या कडेने बोर्ड मांडणारी माणसं)

मॅचला अजून बरेच तास आहेत. गेट उघडलेलं नाही, स्टँड रिकामे आहेत, आणि ही माणसं हातात काय धरून चाललीयेत ते बघा. जाहिरातींचे बोर्ड आहेत हे. स्टेडियम सरकारी, क्लबच्या मालकीचं नाही, त्यामुळे प्रत्येक मॅचला बोर्ड आणायचे, मांडायचे आणि मॅच संपली की परत गोळा करून न्यायचे, आणि हे करणाऱ्यांत क्लबचा स्टाफ आहे तसे पगार न घेणारे व्हॉलंटियरही आहेत.

आता जरा बोर्डांवरची नावं बघा. टोकियोच्या किंवा ओसाकाच्या मोठ्या स्टेडियममध्ये गाडीची, टीव्हीची, बँकेची नावं दिसतात, जगभर माहीत असलेली. इथे गावातली दुकानं आहेत, छोट्या कंपन्या आहेत, कोफूच्या बाहेर ज्यांचं नाव कोणी ऐकलेलं नसेल अशी. एकाला लागून एक, गोलच्या मागे, कॉर्नरपाशी, जिथे जागा मिळेल तिथे.

हा वानफोरे कोफू. जपानच्या दुसऱ्या डिव्हिजनमधला, म्हणजे जे-टू मधला क्लब. 2022 मध्ये या क्लबनं एम्परर्स कप जिंकला, देशातली सगळ्यात जुनी फुटबॉल स्पर्धा, आणि तीही पहिल्या डिव्हिजनच्या ओळीनं पाच क्लबना हरवून.

कपाकडे येऊच, पण त्याआधी हे बोर्ड नीट बघून घ्या, कारण आमच्या मते कप इथूनच सुरू होतो.

(दृश्य: डोंगरांनी वेढलेलं कोफू शहर, द्राक्षांचे मांडव, ढगांवर डोकावणारा फुजी)

कोफू टोकियोच्या पश्चिमेला, एक्स्प्रेस ट्रेननं साधारण दीड तास. यामानाशी प्रांताची राजधानी, पण राजधानी म्हणून फार मोठं शहर डोळ्यासमोर आणू नका, लोकसंख्या दोन लाखांच्या आत. चारही बाजूंनी डोंगर आणि मधे हे बशीसारखं खोरं. द्राक्षं म्हटलं की आपल्याला नाशिक आठवतं तसं जपानी माणसाला यामानाशी आठवतं, आणि जपानी वाईनचं मूळही इथलंच.

क्लब सुरू झाला 1965 मध्ये, इथल्या एका हायस्कूलच्या माजी विद्यार्थ्यांच्या टीममधून. हे महत्त्वाचं आहे, कारण त्या काळात जपानमधलं फुटबॉल म्हणजे कंपन्यांचं फुटबॉल होतं. निसानची टीम, मित्सुबिशीची टीम, टोयोटाची टीम, प्लेअर म्हणजे कंपनीचे कर्मचारी. 1993 मध्ये जे-लीग, म्हणजे जपानची प्रोफेशनल लीग, सुरू झाली तेव्हा नियम केला की क्लबच्या नावात कंपनीचं नाव नको, गावाचं नाव पाहिजे. नावं बदलली. पण बहुतेक क्लबांमागचा पैसा त्याच कंपन्यांचा राहिला, आणि तो पैसा थांबला की काय होतं ते 1998 मध्ये सगळ्या जपाननं बघितलं. योकोहामा फ्लुगेल्सच्या मागे दोन कंपन्या होत्या, त्यातली एक बाहेर पडली आणि क्लब शेजारच्या मारिनोस क्लबमध्ये विलीन करायचं वरच्या वर्तुळातच ठरलं. सपोर्टरना कुणी विचारलं नाही. फ्लुगेल्सनं 1 जानेवारी 1999 ला हाच एम्परर्स कप जिंकला आणि ती त्यांची शेवटची मॅच ठरली. कप जिंकलेला क्लब महिन्याभरात अस्तित्वातच राहिला नाही.

कोफूच्या मागे तर तशी मोठी कंपनी कधी नव्हतीच.

(दृश्य: जुनी वर्तमानपत्रं, 1999 ते 2001 चे पॉइंट्स टेबल)

1999 मध्ये जे-टू सुरू झाली आणि कोफू पहिल्या सीझनपासून त्यात होता. हे टेबल बघा. 1999, दहापैकी दहावा. 2000, अकरापैकी अकरावा. 2001, बारापैकी बारावा. लीगमध्ये नवीन क्लब येत गेले आणि कोफू प्रत्येक वेळी सगळ्यांच्या खाली. 2000 च्या सीझनमध्ये सलग 19 मॅच हरले, सलग 25 मॅच एकही विजय नाही. स्टेडियममध्ये सरासरी दोन हजारही माणसं येत नव्हती, तोटा साचत चाललेला, आणि क्लब बंद करावा का अशी उघड चर्चा सुरू झाली.

क्लबचे मुख्य भागधारक म्हणजे यामानाशीतला वर्तमानपत्राचा समूह, प्रांताचं सरकार, कोफू आणि निरासाकी या दोन नगरपालिका. त्यांनी 2001 साठी तीन अटी घातल्या. मॅचला सरासरी 3000 प्रेक्षक, क्लबचे 5000 सभासद, आणि जाहिरातींतून 5 कोटी येन. एक वर्षाची मुदत. जमलं तर क्लब चालू, नाही जमलं तर बंद.

याच वर्षी काझुयुकी उमिनो क्लबचे अध्यक्ष झाले. फुटबॉलवाले नव्हते, त्याच वर्तमानपत्राच्या समूहातून आलेले, जाहिरातीचा धंदा माहीत असलेले. आणि त्यांनी जे केलं ते ऐकायला अगदी साधं आहे, म्हणूनच आम्हाला त्यावर थोडा वेळ थांबायचंय.

(दृश्य: मैदानात धावत येणारं स्ट्रेचर, त्यावरची जाहिरात. लॉन्ड्री. गावातलं जेवणाचं हॉटेल)

मोठा स्पॉन्सर मिळणार नाही हे उघड होतं. शेवटी असलेल्या टीमच्या शर्टावर नाव लावायला कोण पैसे देणार? मग छोटे शोधायचे, आणि खूप शोधायचे. दुकानदाराला परवडेल एवढा छोटा बोर्ड, परवडेल एवढे पैसे. मैदानात जी जी वस्तू लोकांच्या नजरेला पडते ती विकायची. आणि हो, हे स्ट्रेचर. प्लेअर पडला की सगळ्या स्टेडियमचं लक्ष कुठे असतं? स्ट्रेचरकडे. मग त्यावर जाहिरात का नको? कोफूनं स्ट्रेचरवरची जागासुद्धा विकली, आणि ती घेणारेही मिळाले.

आणि ज्याच्याकडे द्यायला पैसे नाहीत त्यानं काय करायचं? त्यानं जे आहे ते द्यायचं. हॉटेलवाल्यानं प्लेअरना जेवण, लॉन्ड्रीवाल्यानं घामाने, चिखलाने भरलेल्या जर्सी धुवून, सार्वजनिक स्नानगृहवाल्यानं प्रॅक्टिसनंतर गरम पाण्यात बसायची सोय, आणि बदल्यात क्लब त्यांच्या नावाचा बोर्ड लावणार. क्लबचं स्वतःचं प्रॅक्टिस ग्राउंडही नव्हतं बरं का, आज या मैदानावर तर उद्या त्या, जिथे मोकळं मिळेल तिथे, प्लेअर सामान घेऊन फिरायचे. अशा क्लबला एक वेळचं चांगलं जेवण आणि धुतलेले कपडे मिळणं ही काही छोटी गोष्ट नाही, हिशेबाच्या वहीत ती वाचलेल्या पैशांइतकीच असते.

ज्यानं बोर्ड लावला तो मॅचला येतो, एकदा तरी येतोच, आपलं नाव कुठे लागलंय बघायला. येताना घरच्यांना आणतो, कामगारांना आणतो. ज्याच्या हॉटेलात प्लेअर जेवतो त्याला त्या प्लेअरचं नाव माहीत असतं, गुडघा दुखतोय हेही माहीत असतं. मग तो नुसता स्पॉन्सर राहत नाही. गावाचा क्लब, गावाचा क्लब असं सगळेच म्हणतात, पण ते घडवावं कसं लागतं ते इथे दिसतं, दुकानादुकानात जाऊन, नमस्कार करून, आणि नकार ऐकला तरी पुढच्या महिन्यात परत जाऊन.

2001 संपलं. टीम पुन्हा शेवटी. आणि तिन्ही अटी पूर्ण. सरासरी प्रेक्षक 3000 च्या वर गेले होते.

(दृश्य: डिसेंबर 2005, अंधारलेलं कोसे स्टेडियम)

चार वर्षांनी, 2005 मध्ये, जे-वन मध्ये, म्हणजे पहिल्या डिव्हिजनमध्ये, जाण्यासाठीची प्लेऑफ, समोर काशिवा रेसोल. पहिली मॅच कोफूत, कोफू 2-1 ने पुढे, मॅच संपायला आलेली आणि फ्लडलाइट गेले. संपूर्ण अंधार. लाइट आले, उरलेली मिनिटं खेळली गेली, आणि कोफू जिंकला. तीन दिवसांनी काशिवाच्या मैदानावर ब्राझीलच्या बारेनं एकट्यानं सहा गोल मारले. सहा. स्कोअर 6-2. पाच वर्षांपूर्वी बंद पडायला आलेला क्लब पहिल्या डिव्हिजनमध्ये गेला.

तिथे दोन वर्षं, मग खाली, मग वर, परत खाली, मग 2013 ते 2017 सलग पाच वर्षं वर. जुन्या फुटेजमध्ये हा उजव्या बाजूने पळणारा बारीक पोरगा दिसतोय तो जुनया इतो, पुढे जपानच्या टीममध्ये गेला, फ्रान्समध्ये खेळला, त्याची प्रोफेशनल सुरुवात 2015 मध्ये इथली. असे प्लेअर येतात, घडतात आणि मोठा क्लब घेऊन जातो. पैसा कमी असलेल्या क्लबला हे दरवर्षी सोसावं लागतं.

एक मात्र गेला नाही. हिदेओमी यामामोतो, डिफेंडर, 2003 मध्ये कोफूत आला आणि थांबला. प्रमोशन बघितलं, रेलिगेशन बघितलं, परत प्रमोशन. त्याचा चेहरा लक्षात ठेवा.

(दृश्य: 16 ऑक्टोबर 2022, योकोहामा, निसान स्टेडियम)

एम्परर्स कप 1921 पासून चालू आहे. यात कॉलेजच्या टीम असतात, प्रांताच्या अमॅच्युअर टीम असतात आणि जे-लीगचे क्लबही, सगळे एकाच ड्रॉमध्ये. 2022 चा कप 102 वा, आणि कतारच्या वर्ल्ड कपमुळे फायनल ऑक्टोबरमध्येच ठेवलेली.

कोफूनं साप्पोरोला हरवलं, साग़ान तोसूला हरवलं, फुकुओकाला एक्स्ट्रा टाइममध्ये हरवलं, आणि सेमीफायनलला काशिमा अँटलर्सला त्यांच्याच घरी 1-0, जुनमा मियाझाकीचा गोल. काशिमा म्हणजे जपानमधला सगळ्यात जास्त ट्रॉफ्या जिंकलेला क्लब. आणि लीगमध्ये कोफू? जे-टू मध्ये 18 वा.

फायनलला समोर सानफ्रेचे हिरोशिमा, त्या वर्षी जे-वन मध्ये वरच्या तिघांत. त्यांचा कॅप्टन शो सासाकी, तोही आधी कोफूचाच. स्टेडियममध्ये 38 हजारांच्या आसपास लोक, आणि हा निळा-लाल स्टँड बघा, हे लोक बस करून, ट्रेननं, कोफूतून आलेले.

26 वं मिनिट. कॉर्नर सरळ बॉक्समध्ये न टाकता छोटा पास देऊन घेतला, क्रॉस आला आणि काझुशी मित्सुहिरानं आत ढकलला. 1-0. मग तासभर हिरोशिमाचा हल्ला, कोफूचा बचाव, आणि 84 व्या मिनिटाला ताकुमु कावामुरानं बरोबरी केली.

एक्स्ट्रा टाइम. यामामोतो सबस्टिट्यूट म्हणून आत येतो, वय 42. आणि मॅच संपायला चारेक मिनिटं उरलेली असताना बॉक्समध्ये बॉल लागतो तो त्याच्याच हाताला. पेनल्टी. आम्ही हा शॉट कापला नाही, थोडा जास्तच ठेवलाय, बघा तुम्ही.

माकोतो मित्सुता पेनल्टी घेतो. गोलकीपर कोहेई कावाता डाव्या-उजव्याचा अंदाज बरोबर लावतो आणि अडवतो.

शूटआउट. दोन्हीकडचे तीन-तीन झाले, सगळे गोल. हिरोशिमाचा चौथा, कावामुरा, ज्यानं बरोबरी केली होती तोच. कावातानं तोही अडवला. कोफूचा पाचवा आणि शेवटचा किक घ्यायला कोण चाललंय ते दिसतंय. वीस वर्षं एकाच क्लबमध्ये काढलेला माणूस, काही मिनिटांपूर्वी ज्याच्या हाताला बॉल लागून पेनल्टी गेली होती तो.

गोल. 5-4.

(दृश्य: जल्लोष, ट्रॉफी, कोफू स्टेशनबाहेरची गर्दी)

दुसऱ्या डिव्हिजनमध्ये असताना हा कप जिंकणारा याआधीचा क्लब 2011 च्या कपातला एफसी टोकियो, पण टोकियोमागचा पैसा वेगळा आणि त्या फायनलला समोरचा क्योतोही जे-टू चाच. कोफूनं हे वरच्या डिव्हिजनच्या पाच क्लबना हरवून केलं. बक्षीस 15 कोटी येन. 2001 मध्ये क्लब जगवायला जाहिरातींतून जेवढे पैसे जमवायचे होते त्याच्या तिप्पट, तेही एका कपातून.

सीझन संपल्यावर कोच तात्सुमा योशिदांना जावं लागलं, लीगमधली कामगिरी खराब होती म्हणून. क्लब जे-टू मध्येच राहिला.

(दृश्य: टोकियो नॅशनल स्टेडियम, रात्र, वेगवेगळ्या क्लबांच्या जर्सी)

कप जिंकला म्हणून कोफूला एशियन चॅम्पियन्स लीगचं तिकीट मिळालं. पण कोसेचं स्टेडियम आशियाच्या नियमांत बसत नाही, म्हणून 2023 मध्ये घरच्या मॅच टोकियोला, नॅशनल स्टेडियमवर, आठवड्याच्या मधल्या दिवशी रात्री. कोफूहून कामधंदा टाकून किती लोक येणार? क्लबनं मग जपानभरच्या सपोर्टरना आवाहन केलं, तुमचा क्लब कुठलाही असो, या.

आणि आले की! स्टँडमध्ये जर्सी बघा. उरावाची लाल आहे, कावासाकीची आकाशी आहे, शिमिझूची केशरी आहे. लीगमध्ये एकमेकांसमोर ओरडणारे लोक आपापले रंग घालून कोफूसाठी ओरडतायत. थायलंडच्या बुरीराम युनायटेडविरुद्ध शेवटच्या मिनिटांत मोतोकी हासेगावाचा गोल, 1-0, त्या मॅचला 11 हजारांच्या वर लोक होते. चीनच्या झेजियांगला 4-1, मेलबर्न सिटीबरोबर 3-3, आणि शेवटी थायलंडमध्ये जाऊन बुरीरामला 3-2. सहा मॅच, 11 पॉइंट, ग्रुपमध्ये पहिले. जे-टू चा क्लब आशियाच्या नॉकआउटमध्ये याआधी कधीच गेला नव्हता.

नॉकआउटमध्ये कोरियाच्या उल्सानकडून हरले, तिकडे 3-0 आणि टोकियोत 2-1. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत जे-टू चा नवा सीझन सुरू झाला.