दोन रात्रींचं अहमदाबाद आणि पाठीवरची एकच बॅग

नमस्कार मंडळी. थंडी पडलीये, शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आलीये, आणि घरोघरी वाद चालू झालेत की मोठी बॅग काढायची का छोटी. आज त्याच्यावरच बोलूया, पण उगाच हवेत नको, एक शहर धरून बोलूया. अहमदाबाद घेऊ. मुंबईहून रात्रीच्या गाडीत बसलं की पाचशेच्या आतबाहेर किलोमीटर झोपेत होतात आणि सकाळी सकाळी आपण कालूपूर स्टेशनवर, म्हणजे अहमदाबादच्या मुख्य स्टेशनवर.

आता खरी गोम इथेच आहे बघा. गाडी सकाळी सोडते आणि हॉटेलवाला म्हणतो रूम दुपारी बाराला मिळेल. आणि जुनं शहर दाखवणारा तिथल्या महापालिकेचा हेरिटेज वॉक, १९९७ पासून चालू आहे तो, तो सकाळी आठच्या सुमारास कालूपूरच्याच स्वामिनारायण मंदिरापासून निघतो, स्टेशनपासून जवळच. म्हणजे बॅग पाठीवर मावणारी असेल तर स्टेशनवरच तोंड धुवायचं, बाहेर एक चहा मारायचा आणि थेट मंदिर गाठायचं. आणि मोठी ट्रॉली असेल तर आधी रिक्षा, मग हॉटेल, मग रिसेप्शनवरच्या पोराला विनवण्या की बाबा एवढं सामान ठेवून घे, तोवर वॉक पुढे गेलेला असतो आणि अर्धी सकाळ गेली.

चाकं आहेत की, ओढत नेऊ, असं म्हणणारे भेटतात. त्यांनी एकदा पोळांमधून ट्रॉली ओढून बघावी. पोळ म्हणजे आपल्या वाड्यांची एक अख्खी गल्लीच समजा, तोंडाशी दरवाजा, आत दोन्ही बाजूंनी कोरीव लाकडाची घरं, मधेच पक्ष्यांना दाणे टाकायचा उंच चबुतरा. रस्ता काही ठिकाणी इतका अरुंद की समोरून स्कूटर आली की भिंतीला चिकटून उभं राहायचं, त्यात गाय असते, फरशी वरखाली असते. गुजराती कवी दलपतराम यांचं घर होतं तिथे ओट्यावर त्यांचा बसलेला पुतळा आहे, सगळे शेजारी बसून फोटो काढतात, तुम्ही मात्र गल्लीच्या तोंडाशी बॅग सांभाळत उभे, असं नको व्हायला.

हा वॉक संपतो जामा मशिदीपाशी, १४२४ ची आहे ती. मंदिरात चप्पल काढा, मशिदीत चप्पल काढा, मधे एखादं देरासर, म्हणजे जैन मंदिर, लागलं तर तिथेही काढा. म्हणून मी सांगते, लेसवाले बूट नकोत. चालायला नरम, मागे पट्टा असलेले आणि एका हाताने निघणारे सँडल घ्या, तेच पायात घालून जा, दुसरा जोड नकोच. बॅगेत सगळ्यात जास्त जागा बूट खातात आणि आपण मात्र शर्टाच्या घड्या बारीक करत बसतो. एक मोज्यांचा जोड टाका, सकाळी फरशी गार असते.

कपड्यांचं फार नाही सांगत. डिसेंबर-जानेवारीत तिकडे पहाटे चांगलीच थंडी आणि दुपारी ऊन. त्यामुळे जाड स्वेटर एकदा काढला की दिवसभर हातात लटकतो, त्यापेक्षा पातळ दोन थर आणि वर एक शाल किंवा स्टोल. तीच शाल गाडीत पांघरायला, तीच मशिदीत डोक्यावर घ्यायला. जीन्स अंगावर असेल तेवढीच, दुसरी नाही, एक जीन्स सहज अर्धा-पाऊण किलो भरते आणि धुतली तर दोन दिवस वाळत नाही. सुती कुर्ते दोन, आतले कपडे मोजून, आणि रात्री झोपायला जे घालाल तेच परतीच्या गाडीत. हॉटेलात टॉवेल असतो हो, विचारून घ्या, पण घरचा तो जाड टर्किश टॉवेल खरंच नको. औषधं मात्र मोजून-मापून नाही, दोन दिवसांची जास्तच घ्या, आणि डबीत सुट्टी करून नाही, स्ट्रिपसकट, म्हणजे लागली तर दुकानदाराला दाखवता येतात.

विमानाने जाणारे असाल तर घरीच काट्यावर चढवा. केबिनमध्ये साधारण ७ किलोची मर्यादा असते आणि चाकांची छोटी बॅग रिकामीच अडीच-तीन किलो भरते, म्हणजे सामान ठेवायच्या आधीच तिने एक तृतीयांशाहून जास्त कोटा खाल्ला. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, ती जवळच ठेवावी लागते. रेल्वेत काय, स्लीपरला माणशी ४० किलो फुकट नेता येतं, म्हणून काय न्यायचंच का?

आणि हो, खाऊ! आपल्याकडे आई, सासूबाई, आत्या कोणी ना कोणी डबा घेऊन दारात उभी असतेच, चिवडा, लाडू, दशम्या, लसणाची चटणी, "असू दे गं, काय जड आहे का". गाडीतल्या रात्रीपुरत्या दशम्या घ्या, नाही म्हणून कुणाचं मन मोडू नका. पण मंडळी, अहमदाबादला चिवडा? जिथे कोपऱ्याकोपऱ्यावर गाठिया तळतायत तिथे? रात्री माणेक चौकात जा, दिवसा सराफा बाजार, दुकानं बंद झाली की तिथेच खाण्याच्या गाड्या लागतात, घुगरा सँडविच खा, पोटात जागा ठेवा आणि बॅगेतही. कारण तीन दरवाज्याजवळ ढालगरवाडात कापड बघितल्यावर तुम्ही रिकाम्या हाताने येणार नाही हे मला माहितेय. म्हणून जाताना बॅग साधारण एक तृतीयांश रिकामी, आणि तळाशी घडी केलेली एक कापडी पिशवी. येताना मळके कपडे त्या पिशवीत आणि खाकऱ्याची पाकिटं बॅगेत, कडेने कपडे लावून, नाहीतर घरी खाकऱ्याचा चुरा.

जुन्या शहरातच रायखडला गायकवाड हवेली आहे, जमलं तर तो भागही बघून या. १७५३ मध्ये राघोबादादा आणि दमाजी गायकवाडांनी अहमदाबाद जिंकलं, तेव्हा मराठे तंबू, दारूगोळा, हत्ती-घोड्यांसकट गेले होते. त्यांना लागत होतं ते सगळं. आपल्याला दोन रात्री राहायचंय.

शेवटच्या दिवसाचं सांगते आणि थांबते. हॉटेल सकाळी सोडायचं आणि गाडी रात्रीची, मधला दिवस बॅग कुठे? बरीच हॉटेलं ठेवून घेतात, नाहीतर मोठ्या स्टेशनवर क्लोकरूम असते, तिकीट दाखवावं लागतं आणि बॅगेला कुलूप लागतं, नुसती चेन चालत नाही. तेव्हा ते बोटाएवढं कुलूप आठवणीने घ्या, किल्ली पर्समध्ये, आणि दुसरी किल्ली बरोबरच्या माणसाकडे.