हलक्या जमिनीची लेक : अर्निका

[दृश्य : डोंगरमाथ्यावरचं कुरण. गवतावर दव. कॅमेरा हळूहळू जमिनीलगत येतो.]

पायाला मुका मार लागतो, निळंजांभळं होतं आणि घरात मलमाच्या ट्यूबची शोधाशोध सुरू होते. त्या ट्यूबवर बऱ्याचदा एक नाव असतं : अर्निका. नाव ओळखीचं, पण ज्या झाडाचं ते नाव आहे ते क्वचितच कुणी पाहिलेलं असतं.

हे ते झाड. अर्निका मोंटाना.

[दृश्य : फुलाचा अगदी जवळून घेतलेला शॉट.]

जमिनीला चिकटून पसरलेली पानांची चक्री. मधून वर आलेला लवदार दांडा, फार तर दीड-दोन फुटांचा. टोकाला केशरीकडे झुकणारं पिवळंधमक फूल. कूळ सूर्यफुलाचं, डेझीचं, त्यामुळे एक वाटणारं हे फूल म्हणजे बारीक फुलांचा अख्खा गुच्छ आहे. कडेच्या पाकळ्या जरा विस्कटलेल्या, आणि प्रत्येकीच्या टोकाला तीन इवले दाते. आता दांडा बघा. त्यावरची पानं समोरासमोर, जोडीनं आलीत. या कुळातल्या पुष्कळ झाडांची पानं एकाआड एक येतात, म्हणून ओळख पटवायला ही खूण फार उपयोगी.

[दृश्य : डोंगररांगा, चरणाऱ्या गाई, गवत कापणारा माणूस.]

आल्प्स, कार्पेथियन, व्होझ, पिरेनीज. युरोपातल्या या डोंगरांवरची आम्लधर्मी, निकस कुरणं हे अर्निकेचं माहेर. ज्या जमिनीला शेतकरी नाक मुरडेल, तिथंच ती सुखानं नांदते. कुरणात खत पडलं की गवत माजतं, उंच होतं, आणि जमिनीलगतची तिची पानं सावलीत गुदमरतात. चुना टाकून जमिनीचा आंबटपणा घालवला, तरी ती टिकत नाही. पण कुरण नुसतं सोडून देऊनही भागत नाही. चराई आणि कापणी थांबली की झुडपं शिरतात, मागोमाग जंगल येतं आणि अर्निका जाते. म्हणजे तिला माणूस हवा आहे, विळा घेऊन आलेला. खताचं पोतं घेऊन आलेला नको.

युरोपात कितीतरी ठिकाणची अर्निका अशीच संपली. 1992 साली युरोपीय महासंघाच्या अधिवास निर्देशात, म्हणजे रानातले जीव आणि त्यांच्या जागा जपण्याच्या कायद्यात, तिचं नाव आलं, रानातून ती वेचण्यावर लक्ष ठेवणं आवश्यक ठरलं. आजही बाजारातली बरीचशी फुलं रानातलीच असतात. रोमानियाच्या अपुसेनी डोंगरात गावकरी आपल्याच गवताच्या कुरणांतून ती वेचतात. पाच-सहा किलो ओली फुलं वाळवावी, तेव्हा कुठे किलोभर सुकी हाती लागतात. त्यामुळे ओली फुलं तशीच विकण्यापेक्षा गावातच वाळवून विकली, तर कष्टाचे पैसे गावात राहतात. आणि पैसे मिळाले की कुरण राखावंसं वाटतं. मला या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

[दृश्य : रोपवाटिका. ट्रेमधली इवली रोपं.]

मग सरळ शेतातच का लावू नये?

लावतात, पण ती सहज वश होत नाही. बी फार दिवस टिकत नाही, ताजंच पेरावं लागतं. पेरायचंही वरच्यावर, मातीचा जेमतेम पातळ थर देऊन. रोपं उगवली की पहिला शत्रू हजर होतो, बिनशंखाची गोगलगाय. कोवळी अर्निका तिला इतकी आवडते की एका रात्रीत वाफा साफ करते. डोंगराच्या खालच्या अंगाला अर्निका कमी दिसते, त्याचं एक कारण या गोगलगाई आहेत, असं जर्मनीतल्या हार्झ पर्वतातल्या अभ्यासात आढळलं.

पहिल्या वर्षी फक्त पानांची चक्री. फूल दुसऱ्या वर्षी. तोवर खुरपणी, आणि खताला आवरलेला हात. भरघोस पिकाची सवय असलेल्या शेतकऱ्याला हे हात आवरणंच सगळ्यात जड जातं.

जर्मनीत लागवडीसाठी ‘आर्बो’ नावाचं वाण तयार झालं, त्यानं काम बरंच सोपं केलं. अर्निका चॅमिसोनिस ही उत्तर अमेरिकेतली बहीण शेतात त्याहून सहज रुळते. पण औषधासाठी मागणी असते ती मुख्यतः मोंटानाचीच.

[दृश्य : फुलं खुडणारे हात. जाळीवर पसरलेली फुलं.]

पूर्ण उमललेली फुलं कोरड्या हवेत खुडून लगेच पातळ पसरतात. एखादं फूल उकलून पाहिलं तर आत बारीक अळी सापडते. ही एका माशीची अळी, अर्निकेच्या फुलातच वाढणारी.

एक गोष्ट मात्र ठासून सांगायला हवी. सूज उतरवणारं हेलेनालिन हे अर्निकेतलं द्रव्य विषारीही आहे. तिचा काढा करून पिऊ नये. उघड्या जखमेवर लावू नये. काहींच्या त्वचेला ती सोसत नाही.

[दृश्य : संध्याकाळ. कुरणात न खुडलेली काही फुलं, त्यांचे झालेले पांढरे झुपके.]

जाणता वेचणारा सगळी फुलं कधीच खुडत नाही. स्वतःच्याच परागानं अर्निकेत बी धरत नाही, शेजारी दुसरं झाड फुललेलं असावं लागतं. बियांना केसाळ पिसारा असतो, तरी बहुतेक बिया आईपासून काही पावलांवरच पडतात. वारा सुटलाय. त्यातली एक आत्ता गवताच्या दोन बुंध्यांमध्ये, उघड्या मातीवर टेकली.